मैदानावरचे गुरुजन : बास्केटबॉलच्या काही मार्गदर्शकांचे स्मरण

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून खेळाविषयी बोलले जावे, याचे काहींना थोडे नवल वाटेल. परंतु बेळगाव-निपाणीच्या या भागात वाचनालय आणि तालीम ही एकमेकांना कधीच परकी नव्हती. तालमीत वस्ताद असतो, तसा वाचनालयात ग्रंथपाल असतो. पुस्तकावर लेखकाचे नाव छापलेले असते, ते योग्य वाचकाच्या हाती देणाऱ्या ग्रंथपालाचे नसते. कुस्तीच्या फडात गदा पैलवानाच्या खांद्यावर चढते आणि वस्ताद गर्दीत एका बाजूला उभा असतो. अशा बाजूला उभ्या राहिलेल्या काही माणसांचे स्मरण करणे, एवढाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

ती माणसे बास्केटबॉल या खेळातील आहेत आणि बहुतेक परदेशी आहेत. तरीही हा विषय आपल्याला अगदीच दूरचा नाही. बेळगावच्या कॅम्प भागात १८५६ साली स्थापन झालेली सेंट पॉल्स ही जेझुइट धर्मगुरूंची शाळा आहे. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा चालविली, ती एखाद्या विजेत्या खेळाडूच्या किंवा धनिकाच्या नावाने नव्हे, तर फादर एडी या धर्मगुरूंच्या स्मरणार्थ. विद्यार्थी मोठे झाले, पांगले, आणि तरीही आपल्या गुरूचे नाव त्यांनी मैदानावर राखले. ख्रिस्ती क्रीडारसिकाला बास्केटबॉलच्या थोर मार्गदर्शकांविषयी जो जिव्हाळा वाटतो, त्याची जात हीच आहे. त्याला त्यांच्या विजयांचा अभिमान असतोच. परंतु प्रार्थनामंदिरात ऐकलेली वचने मैदानावर खरी उतरतात की नाही, हे त्याला त्यांच्या वर्तनात पाहावयाचे असते.

या खेळाचा जन्मच मुळी एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात झाला. चार वर्षांनी त्याच प्रांतात आणखी एक बालक जन्मले. पुढे मिरजेत रुग्णालय उभारून बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली या साऱ्या मुलखाला ज्यांनी ऋणी केले, ते डॉ. विल्यम वॉनलेस ते हेच. दोघांचीही घडण प्रेस्बिटेरियन पंथात झाली. वॉनलेस वैद्यक शिकून १८८९ साली मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले. नेस्मिथ यांनी माँट्रियलला धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे केले, परंतु व्यासपीठावरून प्रवचने करण्याऐवजी त्यांनी व्यायामशाळेची वाट धरली. खेळाच्या मैदानावरही माणसाचे चारित्र्य घडविता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या काळच्या अनेक धर्मशील मंडळींना खेळ हा कालापव्यय वाटे. हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या निर्णयातील धाडस कळते.

१८९१ च्या हिवाळ्यात ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या, म्हणजे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात शिक्षक होते. बाहेर बर्फ पडत असल्याने मैदानी खेळ बंद होते आणि आतील कवायतीला तरुण विद्यार्थी विटले होते. या वर्गापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो नेस्मिथ यांच्याकडे सोपविला आणि चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितले. नेस्मिथ यांनी ठाऊक असलेले खेळ एकामागून एक आत खेळवून पाहिले, पण प्रत्येकात धसमुसळेपणा होऊन हातपाय मोडण्याची वेळ येई. तेव्हा त्यांना गावाकडचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर ठेवलेला दगड लांबून दगड मारून पाडावयाचा, असा तो खेळ. आपल्या लगोरीची ही दूरची बहीण म्हणता येईल. त्यात जोराने भिरकावलेल्या दगडापेक्षा अलगद कमान करून टाकलेला दगड अधिक उपयोगी पडत असे.

या आठवणीतून खेळाची मुख्य कल्पना निघाली. गोल जमिनीवर उभा असला की चेंडू त्यात जोराने मारला जातो आणि जोराबरोबर इजाही येते. तो डोक्यापेक्षा उंच टांगून आडवा ठेवला, तर जोराचा उपयोग नाही, नेम आणि हलका हात हवा. चेंडू घेऊन धावताच येणार नसेल, तर धावणाऱ्याला पाडण्याचे कारणही उरत नाही. विद्यालयाच्या शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या आणि नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहून फलकावर लावले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. सबंध खेळात चेंडू एकदाच टोपलीत पडला. पहिल्या अठरा खेळाडूंत गेन्झाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थीही होता. धक्का देणे, धरणे, पाडणे या गोष्टी पहिल्या दिवसापासून निषिद्ध होत्या. दुसऱ्याला न दुखवता त्याच्याशी झुंजता यावे, हा विचार या खेळाच्या नियमांत प्रथमपासूनच होता.

नेस्मिथ पुढे वैद्यकाची पदवी घेऊन १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे प्रार्थनासभेची व्यवस्था आणि शारीरिक शिक्षण अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. त्यांनी विद्यापीठाच्या संघाला मार्गदर्शन केले, त्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्याने खेळ निर्माण केला, तोच त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांत तोट्याचा हिशेब मागे ठेवणारा एकमेव ठरला. त्यांना त्याचा विषाद वाटल्याचे दिसत नाही. हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा असतो, असे ते आपला शिष्य फॉग ॲलन याला चेष्टेने सांगत. ॲलनने ते मानले नाही आणि पुढे तो स्वतःच एक नामांकित मार्गदर्शक झाला.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. वृद्ध नेस्मिथ यांना तेथे जाण्यासाठी अमेरिकेतील खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी वर्गणी गोळा केली. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या टेनिसच्या मैदानावर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ गुणांनी हरविले. एक नेस्मिथ यांची जन्मभूमी, दुसरी कर्मभूमी. याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. नेस्मिथ १९३९ साली निवर्तले. या खेळापासून त्यांनी द्रव्य मिळविले नाही.

येथवरची कथा आनंदाची आहे. परंतु गौरवाच्या भरात एक कटू गोष्ट लपविणे बरे नव्हे. नेस्मिथ यांच्या कॅन्सस विद्यापीठात १९३३ च्या सुमारास जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी आला. त्याला बास्केटबॉलचा मार्गदर्शक व्हावयाचे होते. विद्यापीठाच्या संघात मात्र त्याच्या वर्णामुळे त्याला प्रवेश नव्हता. तो नेस्मिथ यांच्याकडे गेला आणि वडिलांनी आपल्यालाच मार्गदर्शक मानावयास सांगितले आहे, असे म्हणाला. नेस्मिथ यांनी त्याला जवळ केले आणि आपल्याजवळचे सर्व त्याला शिकविले. संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही ते नाहीच. आयुष्यभर श्रद्धेने जगलेल्या शिक्षकाच्या हयातीत, त्याच्याच विद्यापीठात, त्याच्याच खेळात हा अन्याय चालू राहिला. श्रद्धावंत रसिकाने या ठिकाणी क्षणभर थांबून मान खाली घातली पाहिजे.

मॅक्लेंडन मात्र थांबला नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरॅम येथे कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात तो मार्गदर्शक झाला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा गोऱ्यांचा बलाढ्य संघ होता. दोन वर्णांच्या संघांनी एकत्र खेळणे त्या राज्यात अशक्य मानले जाई. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, सारे गाव चर्चमध्ये असताना, गोरे खेळाडू लपतछपत मॅक्लेंडनच्या व्यायामशाळेत आले. दारे बंद करण्यात आली. प्रेक्षक नव्हते. मॅक्लेंडनच्या संघाने तो सामना ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. दोन्ही संघ मोडून, काळे आणि गोरे खेळाडू मिसळून, पुन्हा एक डाव खेळला गेला. ही गोष्ट अर्धशतक गुप्त राहिली आणि १९९६ साली एका इतिहासकाराने ती उजेडात आणली. त्या रविवारी गावातील चर्चमध्ये बंधुभावाची वचने वाचली गेली असतील. त्यांचे आचरण बंद दाराआड एका मैदानावर चालले होते.

याच कसोटीवर आणखी दोघांना पाहू. पहिले जॉन वुडन. इंडियाना राज्यात १९१० साली शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा माणूस मूळचा इंग्रजीचा शिक्षक. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचे ते १९४८ ते १९७५ पर्यंत मार्गदर्शक होते. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्यांच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, त्यांपैकी सात सलग. एकदा तर ओळीने ८८ सामने संघ हरला नाही. परंतु पहिले अजिंक्यपद येण्याआधी त्यांनी तेथे पंधरा हंगाम निमूटपणे काढले होते, हे विजयांची यादी वाचताना सहसा ध्यानात येत नाही.

वुडन यांचा हंगामाचा पहिला धडा प्रसिद्ध आहे. देशभरातून निवडून आलेल्या उंचापुऱ्या खेळाडूंना ते पायमोजे कसे घालावेत हे शिकवीत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की खेळाडू बसून राहतो, आणि तो बसला की त्याच्या सोबत्यांचा घात होतो. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती खणावयास आणि चाळावयास लावतो, त्यातलाच हा प्रकार. संघाच्या विजयापेक्षा खेळाडूने आपले सर्वस्व पणाला लावले की नाही, याला ते यश मानीत. ते रोज बायबल वाचीत, परंतु खेळाडूवर आपला धर्म लादीत नसत. त्यांचा सर्वांत थोर शिष्य करीम अब्दुल जब्बार याने तरुणपणी इस्लाम स्वीकारला, तरी दोघांचा स्नेह वुडन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१० पर्यंत अखंड राहिला.

वुडन यांची खरी परीक्षा कीर्ती येण्यापूर्वी झाली. १९४७ साली इंडियानातील एका शिक्षक महाविद्यालयात मार्गदर्शक असताना त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. अट अशी की, कृष्णवर्णी खेळाडू खेळविता येणार नाही. संघात क्लॅरेन्स वॉकर हा एकच कृष्णवर्णी खेळाडू होता आणि तो मुख्य खेळाडूंपैकी नव्हता. त्याला घरी ठेवून संघ नेणे सोपे होते, कोणी दोषही दिला नसता. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढील वर्षी आयोजकांनी नियम बदलला, वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णी खेळाडू झाला आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तेथे तो हरला. या हरण्याचे मोल त्या दहा अजिंक्यपदांहून उणे समजू नये.

दुसरे डीन स्मिथ. त्यांचे वडील कॅन्ससमधील एम्पोरिया गावी शाळेच्या संघाचे मार्गदर्शक होते आणि १९३४ साली त्यांनी आपल्या संघात कृष्णवर्णी मुलाला घेतले होते. डीन स्मिथ स्वतः फॉग ॲलन यांच्या हाताखाली खेळले, म्हणजे नेस्मिथ यांच्या शिष्यपरंपरेतील ते तिसरी पिढी. १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे ते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मार्गदर्शक होते. त्यांच्या संघाने ८७९ सामने जिंकले. बास्केट करणाऱ्याने चेंडू पुरविणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवून सर्वांसमक्ष त्याचे ऋण मानावे, हा रिवाज त्यांनी आपल्या संघात रुजविला. टाळ्या एकाला मिळतात आणि कष्ट दुसऱ्याचे असतात, हे प्रेक्षकांना कळावे म्हणून.

तरुणपणी, सहायक मार्गदर्शक असताना, ते आपल्या बॅप्टिस्ट चर्चचे पाळक आणि एक कृष्णवर्णी धर्मशास्त्राचा विद्यार्थी यांच्यासह गावातील एका उपाहारगृहात जेवावयास गेले. तेथे कृष्णवर्णीयांना वाढीत नसत. त्या दिवशी तिघांनाही वाढण्यात आले. पुढे १९६६ साली त्यांनी चार्ली स्कॉट या कृष्णवर्णी खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठात आणले. उपाहारगृहाची हकीकत अनेक वर्षांनी पाळकांनी एका पत्रकाराला सांगितली, तेव्हा स्मिथ यांना ती रुचली नाही. योग्य ते केल्याचा अभिमान कसला बाळगावयाचा, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ साली ते वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार सुमारे १८० माजी खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश पोहोचला. गुरूकडून एक वेळचे जेवण, एवढाच त्याचा हेतू. ज्याने एकेकाळी जेवणाच्या टेबलावरून माणसामाणसांतील भिंत ढकलली, त्याने जातानाही शिष्यांना जेवूच घातले.

ही गोष्ट दूर देशीची म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९२५ साली निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, ती या मातीत वर्णाचा प्रश्न नव्हता म्हणून नव्हे. विहिरीवर, देवळात, पंगतीत जो भेद होता तो मैदानावर कसा नसेल? आज सीमेवर भाषेची रेघही आहे. निपाणी कर्नाटकात आणि निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. १९६० पासून विद्यार्थी रोज ही सीमा ओलांडून शिकावयास जातात. मराठी, कानडी, उर्दू आणि कोंकणी बोलणारी मुले मैदानावर एकत्र येतात, तेव्हा कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला कडेला बसवावयाचे हे ठरविणारा एकच माणूस असतो. तो म्हणजे मार्गदर्शक.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. १९२० साली मद्रासला हॅरी बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापिले आणि तेथून तयार झालेल्या शिक्षकांनी नवे खेळ देशभर नेले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. त्या श्रमिक वस्तीत बास्केटबॉल रुजला तो बहुतांशी मुसलमान मुलांत. भारतीय संघाचे कर्णधार आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. तेथील पिढ्यांना खेळ शिकविणाऱ्या बच्चू खान यांचे नाव महापालिकेच्या मैदानाला मिळाले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी लावलेले रोप मुसलमान वस्तादाने जोपासले, याहून त्या रोपाचा मोठा सन्मान कोणता?

आणि बास्केटबॉलपलीकडे पाहावयाचे तर कोल्हापूर किती दूर आहे? १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. खर्डेकरांना पदक नव्हते. चेंडू पुरविणाऱ्याकडे बोट दाखविण्याचा डीन स्मिथ यांचा रिवाज येथे आठवतो.

सभासदहो, मार्गदर्शकाची थोरवी कशावरून जोखावी, या प्रश्नाचे उत्तर या माणसांच्या चरित्रांत आहे. नेस्मिथ यांचा हिशेब तोट्याचा, मॅक्लेंडनचा मोठा सामना बंद दाराआड, वुडन यांची खरी कमाई एका न खेळलेल्या स्पर्धेत, स्मिथ यांची एका साध्या जेवणात. सामन्यापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करणे कोणालाही जमते. डोळे उघडल्यावर कडेला बसलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जाते, यावरून ती प्रार्थना खरी होती की नाही हे कळते. हे ख्रिस्ती माणसाला जितके लागू आहे, तितकेच इतर कोणालाही.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली. आता आपल्या भागातील वस्तादांच्या, क्रीडाशिक्षकांच्या आणि पहाटे शिट्टी घेऊन मैदानावर उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकांच्या आठवणीही लिहून ठेवल्या जाव्यात. त्यांचे विद्यार्थी हयात आहेत आणि सांगण्यास उत्सुक आहेत. विजेत्यांची नावे ढालींवर कोरलेली आहेतच. ज्यांनी त्यांना चेंडू पुरविला, त्यांच्यासाठी या कपाटांत एक फळी मोकळी ठेवावी, ही शतकमहोत्सवी वर्षात नम्र विनंती.